अर्ध्या कोयत्याचा न्याय

बीड जिल्ह्यात 'कोयता' म्हणजे नुसते ऊस तोडायचे हत्यार नव्हे. मुकादमाच्या वहीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. उचल द्यायची ती जोडीवर, टोळी मोजायची ती कोयत्यांवर. एकटाच गडी किंवा एकटीच बाई कामाला आली तर तो 'अर्धा कोयता' ठरतो. गेवराई तालुक्यातील तलवाडा आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास असे कोयते पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. साखर कारखानदारीला नवरा-बायको एकत्र लागतात. त्यात माया काही नाही, निव्वळ हिशेब आहे. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळी बांधायची.

जगातल्या श्रीमंत देशांचा हिशेब नेमका उलटा आहे. त्यांना घाम हवा, बुद्धी हवी, पण माणूस शक्यतो एकटा हवा. त्याच्यामागे येणारी बायको किंवा तिच्यामागे येणारा नवरा म्हणजे नको असलेले ओझे. हे ओझे सीमेवर अडवायचे असेल तर अडवणाऱ्या अधिकाऱ्याने कारण सांगितले पाहिजे काय? आणि सांगितलेले कारण खरे की खोटे हे न्यायालयाने तपासले पाहिजे काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ जून २०२४ रोजी या प्रश्नांचे जे उत्तर दिले, ते आपल्या चळवळीने नीट वाचायला हवे. कारण 'दार का बंद' हे विचारण्याचा हक्क हा आपल्या लढ्याचा गाभा आहे.

कातडीवरचे गोंदण आणि बंद पाकीट

खटल्याचे नाव 'परराष्ट्र खाते विरुद्ध म्युनोझ'. सँड्रा म्युनोझ या लॉस एंजेलिसमधील नागरी हक्कांच्या वकील, जन्माने अमेरिकन नागरिक. २०१० साली त्यांनी एल साल्वाडोर देशाच्या नागरिकाशी लग्न केले. पुढे नवऱ्याच्या कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी रीतसर अर्ज झाला. लग्न खरे आहे हे अमेरिकन सरकारनेच मान्य केले. शेवटची मुलाखत मात्र नवऱ्याच्या देशातल्या अमेरिकन वकिलातीत होती, आणि डिसेंबर २०१५ मध्ये तेथील अधिकाऱ्याने व्हिसा नाकारला. कारण? कायद्यातल्या एका कलमाचा आकडा. हा इसम अमेरिकेत बेकायदा कृत्ये करण्यासाठी येत असावा, एवढाच त्या कलमाचा आशय. कोणते कृत्य, कशावरून, पुरावा काय, यावर अवाक्षर नाही.

नवऱ्याच्या अंगावर गोंदण होते. गुन्हेगारी टोळीची खूण म्हणून ते पाहिले गेले, असा या दांपत्याचा तर्क होता. त्या गोंदणात काय होते? ग्वादालूपची माता मेरी, नाटकातले हसरे-रडके मुखवटे आणि मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉईडचा चेहरा! ही टोळीची चिन्हे नाहीत असा तज्ज्ञाचा अभिप्राय त्यांनी दिला. अंगावर एकही गुन्हा नाही हे दाखवले. उपयोग झाला नाही. म्युनोझ न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे खटला चालू असताना सरकारने सांगितले की हा माणूस एका कुप्रसिद्ध टोळीचा सदस्य असल्याचा आमचा समज आहे.

खालच्या अपील न्यायालयाने २०२२ मध्ये म्युनोझ यांच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो ६ विरुद्ध ३ अशा मताने फिरवला. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांच्या निकालपत्राचा सारांश असा : नागरिकाला लग्न करण्याचा हक्क आहे, परंतु परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत हक्क नाही. हक्कच नाही म्हटल्यावर व्हिसा का नाकारला हे विचारायला तिला न्यायालयाची पायरी चढता येणार नाही. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी दोन सहकारी न्यायमूर्तींसह विरोधी मत नोंदवले. लग्नाचा हक्क म्हणजे नुसता कागद मिळण्याचा हक्क नसून एकत्र संसार करण्याचा हक्क आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

नऊ वर्षांपूर्वी, १५ जून २०१५ रोजी, 'केरी विरुद्ध दिन' या खटल्यात असाच प्रश्न अर्धवट सुटला होता. त्या खटल्यातील बाई अमेरिकेच्या नागरिक, नवरा अफगाण. तो सरकारी खात्यात पगारपत्रकाचे काम करणारा कारकून होता आणि त्या काळात सरकार तालिबानचे होते. दहशतवादविषयक कलमाचा आकडा लिहून त्याचा व्हिसा नाकारला गेला. कारकून राज्य चालवतो की राज्य कारकुनाला चालवते, हा प्रश्न कुणी विचारला नाही. ५ विरुद्ध ४ मतांनी बाई हरल्या. तेव्हा निदान बहुमताच्या एका निकालपत्राची कारणे थोडी मवाळ होती. २०२४ मध्ये ती फटही बुजली.

आता आपल्याकडे वळू. आपल्या वस्तीतल्या तरुणांच्या दंडावर, छातीवर बाबासाहेबांची सही गोंदलेली असते. कुणाच्या मनगटावर धम्मचक्र असते. आपल्या आज्यांच्या हातांवर, कपाळावर हिरवे गोंदण असायचे. परदेशी अधिकाऱ्याने यातली कोणती खूण कशी वाचावी, याला काही नियम आहे काय? आणि त्याने चुकीची वाचली तर ती चूक दाखवून द्यायची कुठे?

आम्हाला याचे काय?

तलवाड्याच्या वाचकाला वाटेल, आमच्या पोरांना पुण्याला जायला एसटीचे भाडे जमत नाही, आणि हे काय अमेरिकेचे घेऊन बसले! पण चित्र बदलले आहे. २००३ पासून राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर महाराष्ट्रातील अनुसूचित जातींची मुले-मुली परदेशी विद्यापीठांत शिकायला जात आहेत. आखातात गवंडी, चालक, परिचारिका म्हणून गेलेली माणसे आहेत. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात जयंती साजरी करणाऱ्या संघटना उभ्या राहिल्या आहेत. तिथे स्थायिक झालेल्यांची पुढची पिढी त्या देशांची नागरिक आहे. ती लग्ने करते. कधी गावाकडच्या मुलीशी, कधी परक्या देशाच्या मुलाशी. भारतातून अमेरिकेत कायम राहायला जाणाऱ्यांचे व्हिसा मुख्यतः मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत होतात. २०११ पासून ही वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तिथल्या खिडकीशी उभ्या राहणाऱ्या आपल्या लेकीसुनेला हा निकाल लागू आहे. १९५२ च्या अमेरिकन कायद्यानुसार व्हिसा द्यायचा की नाही हा निर्णय वकिलातीतल्या अधिकाऱ्याचा आणि त्यात खुद्द परराष्ट्रमंत्र्यालाही हात घालता येत नाही. मंत्र्याला जिथे अधिकार नाही आणि न्यायालय जिथे पाहणार नाही, अशी ही खिडकी आहे.

अंतर्विवाहाचा आंतरराष्ट्रीय कायदा

हा सिद्धांत कुठून आला? तो सुरक्षेच्या काळजीतून जन्मला असे सांगितले जाते. इतिहास वेगळे सांगतो. त्याची मुळे चिनी मजुरांना बंदी घालणाऱ्या १८८२ च्या कायद्यात आहेत. १८८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी उचलून धरली आणि परक्याला अडवण्याची सरकारची सत्ता जवळपास निरंकुश आहे असे ठरवले. त्याआधीच, १८७५ च्या कायद्याने चिनी स्त्रियांची आवक व्यवहारात बंद पडली होती. रेल्वेमार्ग बांधायला चिनी पुरुष चालले, त्यांच्या बायका चालल्या नाहीत.

पुढे २५ मे १९२५ रोजी एकाच दिवशी दोन निकाल लागले. पहिल्या निकालाने चिनी व्यापाऱ्यांच्या बायका-मुलांना प्रवेश दिला, कारण व्यापार-तहाचे संरक्षण होते. दुसऱ्या निकालाने अमेरिकेचे नागरिक असलेल्या चिनी वंशाच्या पुरुषांच्या बायकांना प्रवेश नाकारला. म्हणजे परका व्यापारी आपली बायको आणू शकत होता, पण देशाचा नागरिक आणू शकत नव्हता! नागरिकत्वापेक्षा वंश आणि पैसा वरचढ ठरला.

हे वाचताना बाबासाहेबांचा एक निबंध आठवल्याशिवाय राहत नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मर्म त्यांनी सहभोजनबंदीत किंवा धंद्यात न शोधता अंतर्विवाहात शोधले. गटाबाहेर लग्न होऊ न देणे, हीच जात टिकवण्याची यंत्रणा, हे पंचविशीतल्या त्या विद्यार्थ्याने दाखवून दिले. त्याच न्यूयॉर्कमधून ते १९१६ च्या उन्हाळ्यात लंडनला निघाले आणि काही महिन्यांत, फेब्रुवारी १९१७ मध्ये, अमेरिकेने भारतासह आशियाच्या मोठ्या पट्ट्यातील लोकांना देशाची दारे बंद करणारा कायदा केला. विद्यार्थ्यांसारख्या थोड्यांनाच सवलत राहिली. १९२२ च्या कायद्याने नागरिकत्वाला 'अपात्र' अशा आशियाई पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचे स्वतःचेच नागरिकत्व जाऊ लागले. ते कलम १९३१ पर्यंत टिकले. जातीबाहेर लग्न केले म्हणून मुलीला वाळीत टाकणारी जातपंचायत आणि हा कायदा यांत फरक तो काय?

आणि यात आपल्या देशातल्या उच्चवर्णीयांनी काय भूमिका घेतली तेही नोंदवले पाहिजे. भगतसिंग थिंड यांना अमेरिकन नागरिकत्व हवे होते, ते फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळू शकत होते. १९२३ च्या त्या खटल्यात त्यांच्या बाजूने असा युक्तिवाद केला गेला की आम्ही उच्च जातीचे आर्य आहोत, आणि लग्नसंबंधांच्या बाबतीत आम्ही इथल्या मूलनिवासींकडे तसेच पाहतो जसे अमेरिकन गोरा काळ्याकडे पाहतो! अस्पृश्यता हेच गोरेपणाचे प्रमाणपत्र म्हणून न्यायालयात दाखल झाले. न्यायालयाने ते नाकारले, आणि आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्वही पुढे काढून घेतले गेले. दुसऱ्याला खाली ढकलून आपण वर चढू, हा डाव तिथेही फसला. भारतीयांना अमेरिकेची दारे खऱ्या अर्थाने उघडली ती १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा काळ्या जनतेच्या नागरी हक्क चळवळीने तापवलेल्या वातावरणात झाला. आंतरवंशीय विवाहांवरची बंदी उठवणारा 'लव्हिंग' खटल्याचा निकालही त्याच वातावरणातला, १२ जून १९६७ चा. आज तिथे सुखाने नांदणाऱ्या भारतीय कुटुंबांनी हे ऋण विसरू नये.

सगळेच देश डोळे मिटत नाहीत

'सुरक्षेचा प्रश्न आला की न्यायालयाने बाजूला व्हायचे असते' असे म्हणणाऱ्यांना अमेरिकेच्याच १९५० च्या एका खटल्याची आठवण द्यावी लागते. महायुद्धात लढलेल्या अमेरिकन सैनिकाची जर्मन पत्नी एलन नॉफ हिला बंदरातच अडवून ठेवले गेले. कारण गुप्त, सुनावणी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी सरकारला मोकळीक दिली. लोकांनी आणि वृत्तपत्रांनी आवाज उठवल्यावर अखेर सुनावणी झाली, तेव्हा तो गुप्त पुरावा म्हणजे ऐकीव गोष्टी निघाल्या आणि १९५१ मध्ये तिला प्रवेश मिळाला. बंद पाकीट उघडले की आत काय निघते, याचा हा नमुना.

ब्रिटनची कहाणीही स्वच्छ नाही. १९७९ मध्ये लग्नासाठी भारतातून आलेल्या एका शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य-तपासणी केल्याचे उघड झाले आणि जगभर संताप उसळला. १९८० च्या दशकात 'मुख्य हेतू' नावाचा नियम होता. लग्नामागचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये राहणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचे. नसलेला हेतू सिद्ध करा, म्हणजे उंटाला सुईच्या नेढ्यातून काढा! दक्षिण आशियातील नवरे यात मोठ्या संख्येने अडकले. हा नियम १९९७ मध्ये रद्द झाला. त्याआधी २८ मे १९८५ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ठरवले होते की पुरुषांना बायका आणू देणे आणि स्त्रियांना नवरे आणू न देणे हा लिंगभेद आहे. त्यावर ब्रिटिश सरकारने काय करावे? स्त्रियांवरचे निर्बंध सैल करण्याऐवजी पुरुषांवरही तसेच निर्बंध लादले! समता वर उचलूनही आणता येते आणि खाली दाबूनही, हे लक्षात ठेवायला हवे. पुढे २०१२ पासून जोडीदार आणायला वर्षाला १८,६०० पौंडांच्या उत्पन्नाची अट आली, ती २०२४ मध्ये २९,००० पौंडांवर गेली. गरिबाने प्रेम करावे, पण संसार परवडेल तेव्हा करावा, असा त्याचा अर्थ. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल : ब्रिटनमध्ये कुटुंबजीवनाच्या हक्काच्या आधारे अशा नकाराविरुद्ध स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे अपील करता येते. कॅनडात तर पत्नी किंवा पतीसाठी अर्ज करणारा नागरिक स्वतःच अपील करू शकतो. सुरक्षा आणि गंभीर गुन्ह्यांची प्रकरणे त्यातून वगळली आहेत, पण बाकीच्यांना दाद मागण्याचे ठिकाण आहे. म्हणून ते देश बुडाले नाहीत.

सर्वांत बोलका इतिहास दक्षिण आफ्रिकेचा. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम नावाच्या भारतीय पत्नीच्या प्रकरणात निकाल दिला. ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे त्या धर्मपद्धतीने झालेले लग्न कायद्याने लग्नच नाही, म्हणून तिला प्रवेश नाही. एका फटक्यात तेथील बहुसंख्य हिंदी स्त्रिया कायद्याच्या नजरेत 'ठेवलेल्या' ठरल्या. त्या अपमानानेच तेथील स्त्रिया त्या वर्षीच्या सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या.

त्याच केपमधून सत्त्याऐंशी वर्षांनी 'दाऊद' नावाचा खटला नव्या घटना न्यायालयात पोचला. प्रश्न तोच : परदेशी जोडीदाराला राहण्याचा परवाना अधिकाऱ्याने कोणत्याही निकषाविना नाकारावा काय? ७ जून २००० रोजी न्यायमूर्ती केट ओ'रेगन यांनी निकाल दिला. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेत कुटुंबजीवनाचा वेगळा हक्क लिहिलेला नाही. तरी न्यायालय म्हणाले की मानवी प्रतिष्ठेचा हक्क आहे आणि लग्न करून एकत्र राहणे हा त्या प्रतिष्ठेचाच भाग आहे. अधिकाऱ्याला निकष न देता मोकळे रान देणारी तरतूद घटनाबाह्य ठरली. वर्णद्वेषातून बाहेर आलेल्या देशाला प्रतिष्ठेचा अर्थ कळला. व्यक्तीची प्रतिष्ठा हे शब्द आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेतही आहेत. ते तिथे शोभेसाठी लिहिलेले नाहीत.

आपल्या अंगणात पाहू

अमेरिकेला नावे ठेवून थांबणे सोपे आहे. आपल्या देशात काय चालते?

नागरिकत्वाचे अनुच्छेद संविधान सभेत मांडताना, ऑगस्ट १९४९ मध्ये, बाबासाहेबांनी या विषयाने मसुदा समितीला फार डोकेदुखी दिल्याचे सांगितले होते. फाळणीच्या वेळी तिकडे गेलेल्यांना परतण्याचा परवाना मिळाल्यास नागरिकत्वाचे दार उघडे ठेवणारी तरतूद अनुच्छेद ७ मध्ये होती. तिच्यावर सभेत कडाडून टीका झाली, पण ती टिकली. त्याच अनुच्छेदावर १९५५ मध्ये 'बिहार राज्य विरुद्ध कुमार अमर सिंग' हा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. १९४८ मध्ये कराचीला गेलेल्या एका भारतीयाच्या पत्नीला परतीचा कायम परवाना मिळाला आणि मग तो रद्द झाला. नवरा इथला म्हणजे बायकोही इथलीच, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. ती स्थलांतरित ठरली. निकाल तिच्या विरुद्ध गेला. परंतु तिची बाजू उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत ऐकली गेली, हेही खरे. हरण्यापूर्वी ऐकले जाणे, हा न्यायाचा पहिला घास आहे.

परक्या नागरिकाला भारतात राहण्याचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ च्या हान्स म्युलर खटल्यापासून १९९१ च्या लुई डी राएट खटल्यापर्यंत सांगितले आहे. पण अनुच्छेद १४ आणि २१ मधला शब्द 'नागरिक' नसून 'व्यक्ती' आहे. तो शब्द परक्यालाही लागू आहे. आणि १९७८ च्या मनेका गांधी निकालाने आपल्याला मोठे हत्यार दिले. सरकारने पासपोर्ट जप्त केला आणि 'जनहितार्थ' एवढेच म्हणून कारणे द्यायला नकार दिला. न्यायालयाने बजावले की माणसाच्या स्वातंत्र्याला हात घालणारी प्रक्रिया न्याय्य, रास्त आणि वाजवी असलीच पाहिजे. याच सूत्राने २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, भारतीयाशी लग्न करून वर्षानुवर्षे इथे नांदणाऱ्या आणि वैध व्हिसा असलेल्या पाकिस्तानी महिलेला दिलेली 'भारत सोडा' नोटीस रद्द केली. एकल न्यायमूर्तींनी दिलासा नाकारला होता. खंडपीठाने कारणांचा प्रश्न विचारला.

पण खिडकी आपल्याकडेही बंद होऊ पाहते आहे. भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला, नोंदणी झालेले लग्न दोन वर्षे टिकले असेल तर, 'ओसीआय' कार्ड मिळू शकते. मात्र त्याचे आई-वडील, आजोबा, पणजोबा यांपैकी कुणीही कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिक असतील, तर मिळत नाही. पणजोबाचा जन्मदाखला पणतीच्या कपाळी! जन्मावरून माणसाची पात्रता ठरवण्याचा हा खेळ आपण चांगला ओळखतो. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या अमानुष हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम ठेवले गेले, तरी ज्यांची कागदपत्रे त्या प्रकारात बसत नव्हती अशा संसारांची अटारीच्या फाटकावर ताटातूट झालेली देशाने पाहिली. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांविषयीचे चार जुने कायदे जाऊन एकच नवा कायदा आला. त्यात प्रवेश नाकारणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपिलाची सोय ठेवलेली नाही. उरतो तो एकच रस्ता : अनुच्छेद २२६ आणि ३२.

तो रस्ता बाबासाहेबांनी बांधला आहे. अनुच्छेद ३२ ला त्यांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधानाचा आत्मा आणि हृदय का म्हटले, हे अशा वेळी कळते. हक्कांची यादी कुणीही छापील. हक्क मोडल्यावर दार ठोठावायचे कुठे, हे सांगितले तरच ती यादी जिवंत होते. तलवाड्याच्या माणसासाठी ते दार छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात आहे. १९८१ मध्ये ते औरंगाबादला सुरू झाले, त्यापूर्वी मराठवाड्याच्या गरिबाला थेट मुंबई गाठावी लागे. न्याय जवळ येण्यालाही लढावे लागते.

मग खोटी लग्ने चालू द्यायची?

असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो टाळून चालणार नाही. व्हिसासाठी खोटी लग्ने होतात. परदेशी नवऱ्याने फसवून टाकून दिलेल्या मुलीही आहेत. गुन्हेगार, अतिरेकी लग्नाचा आडोसा घेऊ शकतो. राज्यसंस्थेला तपासण्याचा अधिकार असलाच पाहिजे. कुणी म्हणत नाही की प्रत्येक नवऱ्याला, प्रत्येक बायकोला डोळे झाकून व्हिसा द्या. मागणी एवढीच की नाकारताना कारण सांगा. खरोखर गुपित असेल तर निदान न्यायाधीशाला बंद खोलीत दाखवा आणि त्याला तपासू द्या. म्युनोझ खटल्यात नवऱ्याला व्हिसा द्याच, असे कुणी म्हटले नव्हते. कारण सांगा, एवढेच मागणे होते.

इथे कोयत्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिले पाहिजे. कोयता जोडीला एकत्र ठेवतो हे खरे, पण तो जोडीला माणूस मानत नाही. उचल बहुधा पुरुषाच्या हातात पडते, खाडा दोघांच्या हिशेबातून जातो, आणि बाईच्या शरीराची काय किंमत मोजली जाते हे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचे प्रकरण राज्यभर गाजले तेव्हा सर्वांनी पाहिले. बाबासाहेबांनी संविधानाचा घटक म्हणून गाव नाकारले आणि व्यक्ती स्वीकारली. तेव्हा आपल्याला मुकादमाची जोडीही नको आणि वकिलातीचा एकटा माणूसही नको. लग्नातल्या दोन्ही व्यक्तींना स्वतंत्र हक्क हवा. जोडीदाराविना जगायला लावणारा हुकूम दोघांवरही पडतो, म्हणून त्याचे कारण विचारण्याचा अधिकारही दोघांचा. न्यायमूर्ती बॅरेट यांच्या निकालाची खोट इथे आहे. त्यात शिक्षा दोघांना आहे आणि दाद कुणालाच नाही.

चळवळीने काय करावे?

पहिली गोष्ट कागदाची. आपल्याकडे विहारात किंवा मांडवात तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशील घेऊन मंगलपरिणय होतो, जेवणावळ उठते आणि नोंदणी राहून जाते. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याने विवाहनोंदणी ग्रामपंचायतीत होते. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ च्या सीमा खटल्यात सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. सप्तपदी नाही, भटजी नाही, म्हणून परदेशी अधिकाऱ्याने आपल्या लग्नावर शंका घ्यायला जागा ठेवू नका. लग्न लावणाऱ्या भन्तेजींनी, बौद्धाचार्यांनी नोंदणीच्या अर्जावर सही केल्याशिवाय मांडव सोडू नये. सर्लसाहेबाने १९१३ मध्ये परकी लग्नपद्धत कशी निकालात काढली ते विसरू नका. बौद्ध विवाहाला स्वतंत्र कायदा हवा, या जुन्या मागणीलाही यातून नवे कारण मिळते.

दुसरी गोष्ट नावांची. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, जातीच्या प्रमाणपत्रावर तिसरे नाव असते. लग्नाआधी ती जुळवून घ्या. व्हिसा नाकारला गेला तर कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागा. तो कायमचा नकार आहे की कागदासाठी थांबवलेला अर्ज आहे, हे पाहा. वर्षानुवर्षे निर्णयच होत नसेल तर त्या विलंबाविरुद्ध अमेरिकेतही न्यायालयात जाता येते. नकाराला हात न लावणारी न्यायालये दिरंगाईला हात लावतात. एजंटाला लाखो रुपये देण्यापूर्वी आपल्या वकील मंडळींना विचारा.

तिसरी गोष्ट आवाजाची. परदेशातील आपल्या बांधवांनी जयंतीच्या सभेत या प्रश्नावर ठराव करावेत आणि तेथील काळ्या, लॅटिन, मुस्लिम संघटनांच्या सोबत उभे राहावे. थिंडच्या वकिलांची चूक आपण करायची नाही. इथल्या संघटनांनी खासदारांमार्फत मागणी करावी की नव्या परकीय कायद्यात भारतीय नागरिकाच्या जोडीदाराला लेखी कारण आणि अपिलाची तरतूद करा. अमेरिकेतल्या आपल्या मुलीसाठी न्याय मागायचा आणि आपल्या देशात आलेल्या परक्या सुनेसाठी गप्प बसायचे, हे बुद्धाच्या करुणेला आणि बाबासाहेबांच्या तर्काला शोभणारे नाही.

पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीशी, शाळेच्या दारात आमच्या पूर्वजांना कुणी कारण दिले नाही. जन्म हेच कारण होते. महाडला आणि नाशिकला माणसे चालून गेली ती हे विचारायला की दार बंद आहे, पण का? कारण न देणारी सत्ता स्वतःला कितीही लोकशाहीवादी म्हणवो, त्या क्षणापुरती ती मनूच्याच पंगतीला बसलेली असते. तिला तिथून उठवण्याचे काम अमेरिकेत व्हायचे तेव्हा होईल. आपल्या खंडपीठात, आपल्या संसदेत आणि आपल्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत ते आजच सुरू करता येते.